अंगणाला सातबारा नव्हता

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, तह मात्र एक आहे. राजाही एकच आहे, आणि तोसुद्धा संत्र्यापुरता येऊन जाईल. आज बोलायचं आहे ते घराच्या मागच्या मोकळ्या जागेबद्दल. कोणी तिला परस म्हणतं, कोणी वाडी. नागपूरकडे सांदवाडी म्हणतात. काही घरांत तर तिला नावच नसतं, नुसतं 'मागं' म्हणतात. "बाळ्या, मांगं जाऊन दोन लिंबं तोडून आन." बस्स, एवढाच तिचा उल्लेख.

या जागेचा इतिहास कुठे लिहिलेला सापडत नाही. का सापडत नाही, हेच आज शोधू. आणि ही जागा पुन्हा जिवंत करायची असेल, म्हणजे तिथे झाडं, फुलपाखरं, पक्षी, खारी परत आणायच्या असतील, तर हा इतिहास का लागतो, तेही पाहू.

सुरुवात आपल्या गावापासून. हिवरखेड नावाची गावं एकाहून जास्त आहेत. एक आपलं, अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरं अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडे. दोन्ही नावांत एक झाड आहे: हिवर. बाभळीच्या कुळातलं, काटेरी, पांढरट सालीचं, पावसाळ्याच्या सुमारास फिकट पिवळे गोंडे येणारं. आजूबाजूची नावं बघा: बोरगाव, बाभुळगाव, पळसखेड, चिंचखेड, उमरी, पिंपळगाव. वऱ्हाडच्या नकाशावर बोट फिरवलं तर अर्धं जंगल वाचून होतं. लोक जिथे वसले तिथली खूण एक झाड होतं. आता स्वतःला एक प्रश्न विचारा: तुमच्या गावाच्या नावातलं झाड तुम्ही ओळखता का? आणि ते गावात शिल्लक आहे का?

१९७३ साली निघालेल्या दोन वाटा

हिवरखेडात 'वन्यजीव' हा शब्द काढला की पुढचा शब्द रेल्वे असतो. जुनी अकोला-खंडवा मीटरगेज आपल्या स्टेशनावरून मेळघाटात शिरायची. धूळघाटला ती डोंगराला वळसा घालून चढायची, तो वळसा बघायला लोक मुद्दाम जायचे. ब्रॉडगेज करायची वेळ आली तेव्हा वाद पेटला, की गाडी व्याघ्र प्रकल्पाच्या आतून न्यायची की बाहेरून, हिवरखेडच्या बाजूने. त्यावर बरीच वर्षं कागद फिरले. त्यामुळे आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं आहे: वन्यजीव तिकडे, रेषेच्या पलीकडे. आपण इकडे.

ही रेषा कधी आली? मेळघाटच्या जंगलात सरकारी राखीव पट्टे १८६० च्या दशकात आखले गेले. पुढे १ एप्रिल १९७३ ला देशात 'प्रोजेक्ट टायगर' सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट आला. त्याची गरज होतीच. वाघाला मोठं, सलग जंगल लागतं, ते कोणाच्या परसात मावत नाही.

पण त्याच १९७३ साली अमेरिकेत नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन या संस्थेने वेगळाच कार्यक्रम काढला. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरामागच्या जागेत चार गोष्टी द्या: खायला अन्न, प्यायला पाणी, लपायला आडोसा आणि पिल्लं वाढवायला जागा. मग तुमचं अंगणही वन्यजीवांचा अधिवास आहे.

एकाच वर्षी दोन कल्पना निघाल्या. आपल्याकडे पहिली पोचली. दुसरी इथे कोणी आणली नाही, कारण तेव्हा ती आणायची गरजच नव्हती. वऱ्हाडातल्या बहुतेक परसांत या चारही गोष्टी आधीपासून होत्या, फक्त त्यांना 'अधिवास' कोणी म्हणत नव्हतं.

काळी मोजली, पांढरी सुटली

जुन्या मराठी गावात जमिनीचे दोन रंग असायचे. 'काळी' म्हणजे शेतं. 'पांढरी' म्हणजे घरं जिथे आहेत ती वस्तीची जागा, पांढऱ्या मातीची. पीक काळीत, माणूस पांढरीत.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. शेताची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, सारा ठरला. गुरं चरायची ती गवताळ पडीक जमीनही नांगराखाली जात राहिली. लक्ष्मण सत्या या इतिहासकारांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. कापसाचा पैसा आला आणि शतक संपता संपता १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे भयानक दुष्काळही आले.

आता यातली गंमत बघा. सरकारने मोजलं काय? ज्यातून सारा मिळतो ते. म्हणजे काळी. शेताला सातबारा आला. त्यात पीक आलं, झाडंसुद्धा आली. आजही ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये बांधावरची झाडं नोंदवता येतात. गावठाणातल्या घराला मात्र सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, तो घरपट्टीपुरता. मागच्या लिंबाची, शेवग्याची, कवेलूखालच्या चिमण्यांच्या घरट्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

माझ्या कामात एक साधी गोष्ट रोज दिसते: ज्याचा लॉग नाही, ते बंद पडलं तरी कळत नाही. परसाचं अगदी तसंच झालं. ते गेलं तेव्हा कुठेही एक आकडा कमी झाला नाही.

घर नावाचं जुनं यंत्र

मग या जागेत नेमकं होतं काय? जुनं कवेलूचं किंवा धाब्याचं घर डोळ्यांपुढे आणा. समोर सारवलेलं अंगण. मागे न्हाणी, गोठा, पऱ्हाटीचा आणि तुराट्यांचा ढीग, एका कोपऱ्यात उकिरडा, भोवती काटेरी कुंपण. ही बाग म्हणून कोणी लावलेली नव्हती. प्रत्येक गोष्ट कामासाठी होती. पण कामागणिक एकेका जिवाची सोय लागत गेली.

न्हाणीचं पाणी वाहून वाया जाऊ नये म्हणून तिथे केळ, अळू, पपई. त्यामुळे भर मे महिन्यातही एक कोपरा ओला. तिथे बेडूक, आणि मातीतले किडे शोधणाऱ्या साळुंक्या. गोठ्यामुळे शेण, शेणामुळे माश्या आणि भुंगेरे, त्यांच्यामागे कोतवाल आणि बगळे. धान्य पाखडताना सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या. पण चिमणीचं पिल्लू सुरुवातीला दाण्यावर वाढत नाही, त्याला मऊ किडे-अळ्या लागतात. त्या मिळायच्या वालाच्या, दोडक्याच्या वेलावर. घरटं कवेलूच्या सांदीत किंवा भिंतीवरच्या फोटोमागे. दाणा, अळी, सांद, हे तिन्ही पन्नास पावलांच्या आत. पऱ्हाटीच्या ढिगात मुंगूस. धान्याला उंदीर, उंदराला धामण आणि पिंगळा.

आणि हे सगळं चालवायचं कोण? घरातल्या बायका. सडा, सारवण, झाडलोट, विहिरीवरून पाणी, गोऱ्ह्याला वैरण, भोपळ्याच्या बिया राखेत घोळून पुढच्या वर्षासाठी जपणं. बियाणं कोणतं ठेवायचं, वेल कुठे चढवायचा, हे ज्ञान आजीकडून सुनेकडे तोंडी गेलं. सारा नव्हता म्हणून जागेची नोंद नाही, आणि पगार नव्हता म्हणून या कामाची नोंद नाही.

या न मोजलेल्या जागेची ताकद किती होती, त्याचा एक पुरावा तुम्ही दर हिवाळ्यात सोलून खाता. नागपुरी संत्रं. परंपरेने सांगतात, की नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या राजवटीत ही कलमं औरंगाबादहून आली आणि आधी घरच्या बागेत, परसात लागली. तिथून ती शेतात गेली, आणि आज मोर्शी-वरुडपासून आपल्या अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत बागा उभ्या आहेत. एवढ्या मोठ्या पिकाची पहिली प्रयोगशाळा म्हणजे कोणाचं तरी परस!

याच झाडावरून अजून एक फरक समजतो. संत्रा, लिंबू, गोडनिंब ही एकाच कुळातली झाडं. त्यांच्या कोवळ्या पानांवर एक अळी दिसते. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मोठी झाली की हिरवीगार. तिचं होतं लिंबाळी फुलपाखरू, काळं-पिवळं, सुंदर. बागाइतदाराला ती कीड आहे, नवीन कलमांची पानं फस्त करते, तो फवारणी करतो, आणि त्याचा हिशोब त्याच्यापुरता बरोबर आहे. परसातल्या एका गोडनिंबाला मात्र दहा अळ्यांनी काही होत नाही. शेताला जे परवडत नाही, ते परसाला परवडतं. म्हणून परस महत्त्वाचं.

सुख आलं, काम गेलं

मग हे गेलं कसं? इथे आपण नेहमी एक सोपी गोष्ट सांगतो: लोक बदलले, निसर्गापासून तुटले वगैरे. मला ते पटत नाही. तारखा बघा.

तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ ची. तिच्यात ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत. गाडगेबाबांनी तर हातात झाडू घेऊन गावं झाडली. घाणीने, पटकीने माणसं मरत होती, तेव्हा ही शिकवण जीव वाचवणारी होती. पुढे २०००-०१ ला गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आलं आणि गावागावांत चढाओढ लागली. मग २०१४ ला स्वच्छ भारत, संडास आले. २०१६ ला उज्ज्वला, गॅस आला. त्याच वर्षी ग्रामीण घरकुलाची नवी योजना, स्लॅब आला. २०१९ ला जलजीवन, नळ दारात.

यातली एक तरी गोष्ट परत द्यायला तुम्ही तयार आहात का? मी नाही. चुलीच्या धुराने आजीचे डोळे गेले, हे आपल्यापैकी कित्येकांच्या घरचं सत्य आहे. कवेलू दर पावसाळ्याआधी चाळायला लागायचे, आणि तरी घर गळायचं ते गळायचंच.

पण प्रत्येक सुखाबरोबर परसाचं एकेक काम गेलं. गॅस आला, पऱ्हाटीचा ढीग गेला, मुंगसाचा आडोसा गेला. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठा गेला, शेणातले किडे गेले. स्लॅब आला, सांद गेली. मोरीचं पाणी नालीत गेलं, केळ वाळली. काम नसलेली जागा मग 'रिकामी' दिसू लागली. रिकाम्या जागेत गवत वाढतं, गवतात साप निघतो, म्हणून काँक्रीट किंवा गट्टू. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४६-४७ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात दिवसभर तापलेले गट्टू रात्री उष्णता सोडत राहतात, आणि आपण कूलरमध्ये अजून एक बादली ओततो. चिमणीचं नुकसान झालं ते झालंच, पण झळ आपल्यालाही लागली आहे.

शोभेची झाडं आणि त्यांचा हिशोब

काही जण म्हणतील, भाऊ, आमच्या घरी कुंड्या आहेत की! नर्सरीतून आणलेल्या, छान हिरव्यागार. चांगलं आहे. पण इतिहासात एक धडा आहे, तो ऐका.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका खंडातलं एक शोभेचं झुडूप कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणलं गेलं. रंगीत फुलांचे झुबके, कुंपणाला मस्त. ते म्हणजे लँटाना. मराठीत घाणेरी किंवा टणटणी, आपल्या विदर्भात रायमुनिया. बागेतून ते सुटलं आणि जंगलात शिरलं. २०२० ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या प्रदेशात सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात ते पसरलं आहे, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त. बागेच्या कुंपणाला लावलेल्या झुडपाने वाघाच्या हरणांचा चारा दाबला. तेव्हा ती रेषा, इकडे आपण आणि तिकडे वन्यजीव, झाडांनी कधीच पाळलेली नाही.

म्हणजे बाहेरची झाडं वाईट का? पपई, पेरू, सीताफळ, मिरची, सगळी बाहेरचीच, आणि आपल्या परसात मुरली. झाड कुठून आलं यापेक्षा त्याच्यावर कोण जगतं, हे विचारा. अळी एखादंच पान खाते. लिंबाळीला लिंबू-गोडनिंब-बेल, रुईवर वाढणाऱ्या फुलपाखराला रुई. रुई, एरंड, टाकळा, ही आपण 'कचरा' म्हणून उपटतो ती झाडं कोणाच्या तरी पिल्लांचं जेवण आहे. ज्या झाडाचं एकही पान कुरतडलेलं नाही, ते झाड त्या अंगणात फर्निचरसारखं उभं आहे.

एका बाईने मोजलं

जेनिफर ओवेन नावाच्या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ होत्या. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात त्यांचं साधं घर, मागे बाग. ७४१ चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत सव्वासात गुंठ्यांच्या आसपास. फुलं, भाजीपाला, थोडं गवत. १९७२ पासून ३० वर्षं त्या तिथे दिसणारा प्रत्येक जीव नोंदवत राहिल्या. वह्या भरल्या. शेवटी आकडा आला २,६७३ जाती. त्यात जवळजवळ दोन हजार फक्त किडे! राखीव जंगल नाही, शहरातली एक बाग. फरक एवढाच, की तिथे कोणीतरी मोजत होतं.

आपल्याकडेही असे लोक आहेत. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राजेंद्र ओवळेकर या क्रीडाशिक्षकांनी घरची दोन एकर जमीन फुलपाखरांसाठी राखली, त्यांची खाद्यझाडं लावली, आणि शंभरहून जास्त जाती तिथे नोंदल्या गेल्या. आजूबाजूला टॉवर उभे राहत असताना! पुण्याच्या बुधवार पेठेत वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापक हेमा साने वर्षानुवर्षं विजेशिवाय, झाडं आणि पक्ष्यांच्या सोबतीने राहिल्या. तसं राहायला कोणी सांगत नाही, पण भर पेठेत ते जमलं हे लक्षात ठेवा. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस झाला. आणि २०२० च्या देशव्यापी पक्षी अहवालाने सांगितलं, की भारतात एकूण चिमणी टिकून आहे, घट मोठ्या शहरांत आहे. हे कळलं कसं? हजारो साध्या लोकांनी मोबाइलवर केलेल्या नोंदींमुळे.

मग आपण काय करायचं?

जुनं घर परत आणायचं नाही. जुनी कामं कोणती होती ते ओळखून त्यांची जागा भरायची.

पहिलं, पाणी. आपल्या दक्षिणेला खारपाणपट्टा आहे, तिथल्या बोअरचं पाणी झाडाला सोसत नाही. पण वान धरणावरच्या योजनेचं नळाचं पाणी गोड आहे. भांडी धुतलेलं तेच पाणी नालीत न सोडता एका आळ्यात सोडा: केळ, अळू, पपई. पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, मध्ये दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल.

दुसरं, अन्न. एक गोडनिंब किंवा लिंबू, एक वाल किंवा दोडक्याचा वेल, एक कोपरा रुई-एरंडाला. फवारणी नाही. जागा मोठी असेल तर कडूनिंब. आणि शेताच्या बांधावर, काट्यांची अडचण नसेल तिथे, एक हिवर. गावाच्या नावाला जागायला.

तिसरं, थोडा पसारा. सगळा पालापाचोळा जाळू नका. एका कोपऱ्यात, घराच्या भिंतीपासून लांब, ढीग ठेवा. लांब यासाठी, की सापाची भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. भिंतीलगतचा पट्टा स्वच्छ, टोकाचा कोपरा रानटी. गाडगेबाबांची स्वच्छताही पाळली जाते आणि मुंगसाची सोयही होते.

चौथं, घरटं. स्लॅबच्या घराला सांद नाही, मग सावलीत लाकडी पेटी किंवा मडकं टांगा. भोवती अळ्या देणारे वेल नसतील तर मात्र पेटी रिकामी राहू शकते. म्हणून आधी दुसरं, मग चौथं.

आणि पाचवं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: नोंद.

२४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोन उडवून गावठाणं मोजायची आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक द्यायचं. काळी मोजून दीडशे वर्षं झाली, आता पांढरीची पाळी आली. चांगलं आहे, त्या कागदावर कर्ज मिळू शकतं, भांडणं मिटू शकतात. पण ड्रोनला दिसतं ते चौरस मीटर. त्या नकाशात तुमचं परस म्हणजे 'बांधकाम नसलेली जागा'. आणि जागेला भाव आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इथं दोन खोल्या काहून नाही काढत?

त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असेल तर आपल्याकडेही कागद हवा. तो सरकार बनवणार नाही. तुम्ही बनवा, हातात फोन आहेच. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात रोज सकाळी दहा मिनिटं मागं उभे राहा आणि जे दिसेल ते लिहा. ईबर्डवर टाका, आयनॅचरलिस्टवर टाका, नाहीतर साध्या वहीत लिहा. आधी आजीला किंवा आईला विचारा: इथे पूर्वी काय होतं, कुठे होतं, कधी गेलं? तिचं बोलणं रेकॉर्ड करा. तो तुमच्या परसाचा पहिला दस्तऐवज असेल, आणि तो सांगू शकणारी माणसं फार वर्षं नसतील.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या परसाची यादी आणि आजीची व्हॉइस नोट आम्हाला पाठवा, पुढच्या एका भागात आपण त्या ऐकवू. आणि हो, बोरगाववाल्यांनी बोरीचा, बाभुळगाववाल्यांनी बाभळीचा, हिवरखेडवाल्यांनी हिवराचा फोटो पाठवायचा आहे. नेटवरून उचललेला चालणार नाही, तुमच्याच शिवारातला पाहिजे. भेटू या. राम राम मंडळी!